पेट्रोलचा भाव आणि पेट्रोलचा गुण

सातारा आणि सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत एके काळीं सायकल हें मध्यम स्थितींतील कुटुंबाचें वाहन होतें. आज तें स्थान मोटारसायकलीनें व स्कूटरनें घेतलें आहे. तिच्यावर बसून वडील तासगांवाहून सांगलीस नोकरीला जातात, आई बाजारहाट करिते, आणि दुधाच्या किटल्या व शेताचें खतहि तिच्यावरूनच जातें. त्यामुळें घरखर्चाच्या वहींत किराणा, दूध व शाळेची फी ह्यांच्या जोडीला पेट्रोल ही एक न टळणारी बाब होऊन बसली आहे. पंपावर गाडी उभी राहिली म्हणजे “साधें घालूं कीं प्रीमियम?” असा प्रश्न येतो. दोहोंच्या भावांत लिटरमागें कांहीं रुपयांचें अंतर असतें. महाग पेट्रोलानें ॲव्हरेज वाढतें, म्हणून अखेर तेंच स्वस्त पडतें, असें पुष्कळ जण सांगतात. दुसरे कित्येक तो निव्वळ पैशाचा चुराडा आहे असें म्हणतात. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात, परंतु हिशेब क्वचितच कोणी मांडितो. ह्या लेखांत तो हिशेब मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याला लागणारें विज्ञान शाळेंत शिकविलें जातें, आणि त्याला लागणारें गणित त्रैराशिकापलीकडचें नाहीं.

प्रथम इंजिनांत काय घडतें तें पाहूं. पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण सिलिंडरांत येतें. पिस्टन वर सरकून तें दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, आणि तापून फुगलेले वायू पिस्टनला खालीं लोटतात. जर्मनींतील निकोलाउस ऑटो ह्यानें १८७६ सालीं ह्या तत्त्वावर चालणारें इंजिन सिद्ध केलें, आणि आपल्या मोटारसायकली आजहि त्याच तत्त्वावर चालतात. मिश्रण जितकें अधिक दाबावें, तितकें त्याच्या उष्णतेपासून अधिक काम निघतें. म्हणून इंजिन बनविणारे हा दाब वाढविण्याच्या मागें असतात. परंतु ह्या वाढीला एक मर्यादा आहे. सायकलींत हवा भरतांना पंपाचें नळकांडें तापतें हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. दाबलेला वायु तापतो. सिलिंडरांत दाब व उष्णता फार झाली, तर मिश्रणाचा कांहीं भाग ठिणगीची ज्वाळा पोहोंचण्यापूर्वींच आपोआप पेट घेतो आणि हातोडीनें ठोकल्यासारखा आवाज येतो. कारागीर ह्यालाच “इंजिन नॉकिंग करतें” असें म्हणतात. शिस्तीनें पसरणारी ज्वाळा पिस्टनला ढकलते; नॉकिंग त्याला ठोसे मारतें. त्यानें शक्ति वाया जाते, आणि तें बराच काळ चालूं राहिलें तर पिस्टनलाहि इजा होते.

कोणतें पेट्रोल ह्या ठोक्याला किती विरोध करतें हें मोजण्याचें माप म्हणजे ऑक्टेन अंक होय. १९२६ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें हें माप सुचविलें. आयसोऑक्टेन नांवाचें द्रव्य नॉकिंगला उत्तम विरोध करतें, त्याला त्यानें १०० अंक दिले. हेप्टेन नांवाचें द्रव्य लगेच ठोकूं लागतें, त्याला शून्य. जें पेट्रोल कसोटीच्या इंजिनांत ९५ भाग आयसोऑक्टेन व ५ भाग हेप्टेन ह्यांच्या मिश्रणासारखें वागतें, त्याचा अंक ९५. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. हा अंक सहनशीलतेचा आहे, बळाचा नव्हे. ९५ अंकाच्या पेट्रोलांत ९१ अंकाच्या पेट्रोलापेक्षां अधिक उष्णता सांठविलेली असते, असा त्याचा अर्थ मुळींच नाहीं. सारा गैरसमज येथेंच उत्पन्न होतो. परीक्षेंत अधिक गुण म्हणजे अधिक हुशारी, ह्या संवयीनें आपण पेट्रोलचे अंकहि वाचतों.

हा अंक वाढविण्याच्या खटाटोपाचा इतिहासहि बोधप्रद आहे. १९२१ सालीं अमेरिकेंतील टॉमस मिज्ली ह्याला असें आढळून आलें कीं, शिशाचें एक संयुग अगदीं अल्प प्रमाणांत मिसळल्यास नॉकिंग थांबतें. युक्ति स्वस्त होती, म्हणून ती जगभर पसरली. परंतु इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराबरोबर तें शिसें हवेंत व मातींत मिसळलें, आणि त्याचा सर्वांत अधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूस होतो हें पुढें सिद्ध झालें. हिंदुस्थानांत १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकलें जाऊं लागलें; जगांतील शेवटचा देश जो अल्जीरिया, त्यानें २०२१ सालीं शिशाचें पेट्रोल बंद केलें. ऑक्टेनचा अंक वाढला म्हणजे सर्व कांहीं भलेंच झालें, असें समजूं नये, हा धडा ह्या इतिहासानें दिला.

शिसें गेल्यावर अंक वाढविणारीं दुसरीं द्रव्यें अर्थातच महत्त्वास चढलीं. त्यांपैकीं एक आपल्या कृष्णाकाठच्या उसापासूनहि तयार होतें. तें इथेनॉल होय. पेट्रोलांत पांच टक्के इथेनॉल मिसळून पाहण्याचे प्रायोगिक प्रकल्प केंद्र सरकारनें २००१ सालीं तीन ठिकाणीं सुरू केले. त्यांपैकीं एक आपल्या सांगली जिल्ह्यांतील मिरज येथें होता, दुसरा मनमाड येथें, आणि तिसरा उत्तर प्रदेशांतील बरेली येथें. २००३ च्या जानेवारीपासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ही योजना लागू झाली. पुढें मळीखेरीज उसाचा रस, मका व तांदूळ ह्यांपासूनहि इथेनॉल होऊं लागलें, आणि २०१४ सालीं जें मिश्रण सरासरीनें दीड टक्क्याच्या आसपास होतें, तें २०२५ सालीं वीस टक्क्यांवर गेलें.

आतां ह्याच इथेनॉलच्या साहाय्यानें आमचें मुख्य म्हणणें पडताळून पाहतां येईल. इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारें १०८, म्हणजे कोणत्याहि साध्या पेट्रोलाहून पुष्कळ अधिक. परंतु एक लिटर पेट्रोल जळून जितकी उष्णता देतें, तिच्या सुमारें दोनतृतीयांश उष्णता एक लिटर इथेनॉल देतें. अंक अधिक, आणि उष्णता मात्र कमी! अंक हा बळाचें माप असता, तर असें कधींच झालें नसतें. नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यांतहि हीच गोष्ट आंकड्यांनीं मान्य केलेली आहे. वीस टक्के मिश्रणानें ॲव्हरेज किती घटेल ह्याचा अंदाज त्यांत दिलेला आहे: जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांस ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींस ३ ते ४ टक्के, आणि दहा टक्के मिश्रणासाठीं घडवून वीस टक्क्यांशीं जुळविलेल्या चारचाकींस १ ते २ टक्के. नांव प्रीमियम असलें म्हणजे त्यांत इथेनॉल नसतें, अशीहि कित्येकांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. ९५ अंकाच्या प्रीमियम पेट्रोलांतहि इथेनॉल मिसळलेलें असतें.

इथेनॉलच्या ह्या वाढीचा आणखी एक परिणाम झाला, तो मात्र पुष्कळांच्या लक्षांत आलेला नाहीं. पूर्वीं साध्या पेट्रोलचा किमान अंक ९१ आणि प्रीमियमचा ९५ असा स्पष्ट भेद होता. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यानें साध्या पेट्रोलचाच अंक ९५ पर्यंत चढला आहे, असें केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयानें २०२५ च्या ऑगस्टांत जाहीर केलें. म्हणजे ज्या चार अंकांसाठीं आपण जास्त पैसे मोजीत होतों, ते चार अंक साध्या पेट्रोलाला उसानें व मक्यानें मिळवून दिले. मग ९५ च्या प्रीमियममध्यें उरलें काय? मुख्यतः त्यांत घातलेलीं स्वच्छता करणारीं रसायनें. झडपांवर व इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत सांचणारा मळ धरूं न देणें हें त्यांचें काम. तें उपयोगी नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आधींच स्वच्छ असलेल्या इंजिनांत त्याचा लाभ ॲव्हरेजच्या आंकड्यांत दिसून येणें कठीण, आणि मळलेल्या इंजिनांतहि तो एका टाकीनें दिसत नाहीं.

ह्याहून वरच्या अंकाचें पेट्रोलहि मिळतें. १०० अंकाचें पेट्रोल इंडियन ऑइलनें १ डिसेंबर २०२० रोजीं प्रथम दहा शहरांत विक्रीस आणिलें. त्यांत मुंबई व पुणें हीं होतीं. अशीं पेट्रोलें ज्या इंजिनांत मिश्रण फार जोरानें दाबलें जातें, त्यांच्यासाठीं आहेत. ज्याची दृष्टि चांगली आहे, त्यास महाग चष्मा लावल्यानें अधिक दिसत नाहीं. ज्यास चष्म्याची गरज आहे, त्यास मात्र तो पाहिजेच. इंजिनाचेंहि तसेंच. जें इंजिन साध्या पेट्रोलावर ठोकतच नाहीं, त्याला अधिक सहनशील पेट्रोल देऊन कोणता लाभ व्हावा? साध्या मोटारसायकलींत ठिणगी केव्हां पडावी हें कारखान्यांतच ठरलेलें असतें. पेट्रोल बदललें म्हणून तें बदलत नाहीं. नव्या मोटारगाड्यांत नॉकिंगची चाहूल घेणारा सेन्सर असतो, आणि तो ठिणगीची वेळ मागेंपुढें करवितो. अशा गाडीस वरच्या अंकाचा थोडा फायदा घेतां येतो, पण तोहि तिच्या निर्मात्यानें तशी योजना केली असेल तरच.

ह्या बाबतींत अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ह्या मोटारधारकांच्या संस्थेनें केलेल्या कसोट्या प्रसिद्ध आहेत. तेथील अंक निराळ्या रीतीनें मोजतात, म्हणून त्यांचे ८७ आणि आपले ९१ जवळजवळ सारखेच, हें ध्यानांत ठेवावें. २०१६ सालीं ह्या संस्थेनें साध्या पेट्रोलसाठीं घडविलेल्या गाड्यांना प्रीमियम देऊन पाहिलें; शक्ति, ॲव्हरेज व धूर ह्या तिन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. २०१७ सालीं ज्या गाड्यांचे निर्माते प्रीमियमची केवळ शिफारस करितात, अशा गाड्या तिनें तपासल्या. त्यांचें ॲव्हरेज सरासरीनें २.७ टक्के वाढलें. अनुकूल गाड्यांतहि वाढ एवढीच. आतां हा लाभ जास्तीच्या भावास पुरतो कीं नाहीं, एवढेंच पाहणें राहिलें.

त्यासाठीं एक उदाहरण घेऊं. पेट्रोलचे भाव बदलतात, म्हणून खालील आंकडे केवळ हिशेबापुरते समजावे. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या पंपावरील त्या दिवशींचे भाव घालावे. साधें पेट्रोल लिटरला १०५ रुपये व प्रीमियम ११३ रुपये धरूं. अंतर ८ रुपयांचें; १०५ वर ८ म्हणजे सुमारें ७.६ टक्के. म्हणून प्रीमियमनें ॲव्हरेज निदान ७.६ टक्के वाढलें, तरच खर्च सारखा होईल. साध्यावर ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल प्रीमियमवर जवळजवळ ५४ किलोमीटर गेली पाहिजे. आतां तासगांवाहून सांगलीस रोज जाऊन येऊन ५० किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस २५ धरा. एकूण १,२५० किलोमीटर. पेट्रोल २५ लिटर. साध्याचा खर्च २,६२५ रुपये. प्रीमियमनें कांहींच फरक पडला नाहीं तर खर्च २,८२५ रुपये. दोन टक्के फरक पडला तर ॲव्हरेज ५१, पेट्रोल साडेचोवीस लिटर, आणि खर्च सुमारें २,७७० रुपये. म्हणजे फायदा झाला असें धरूनहि महिन्याला जवळजवळ १४५ रुपये अधिक गेले. वर्षाला सतराशेंहून जास्त. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसें तें थेंबें थेंबें आटतेंहि. सतराशें रुपयांत एका मुलाचीं वह्यापुस्तकें व गणवेश ह्यांचा बराच भार हलका होतो, हें पालकांस सांगावयास नको.

तथापि आमच्यावर किंवा दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. ही कसोटी प्रत्येक घरीं करतां येते. तिची रीत अशी. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून टाकी भरावी, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडतांच थांबावें. मीटरचा आंकडा वहींत लिहावा. प्रत्येक वेळीं शक्य तों तोच पंप व तेंच नोझल असावें, आणि दर वेळीं किती लिटर बसलें तें टिपावें. चार-पांच टाक्या साधें, मग तितक्याच प्रीमियम, पुन्हां साधें, पुन्हां प्रीमियम, असा क्रम ठेवावा; म्हणजे ऋतु बदलल्याचा परिणाम एकाच बाजूस पडणार नाहीं. पेट्रोल बदलल्यावरची पहिली टाकी मिसळीची असते, ती हिशेबांत धरूं नये.

येथें तीन ठिकाणीं फसगत होण्याचा संभव आहे. पहिलें ठिकाण मोजणीचें. टाकी भरण्यांत २०० मिलिलिटरचा फरक सहज पडतो. पांच लिटरांत तो ४ टक्के होतो, म्हणजे जो लाभ शोधावयाचा त्याहून चूकच मोठी! तीच चूक २५ लिटरांत एक टक्क्याहूनहि कमी भरते. म्हणून एका टाकीवरून “माझी गाडी पांच किलोमीटर जास्त गेली” असें सांगणाऱ्याचें म्हणणें प्रामाणिक असूनहि निरुपयोगी असतें. दुसरें ठिकाण रस्त्याचें. सातारा ते सांगली हा रस्ता सुमारें सव्वाशें किलोमीटरांचा. साताऱ्याहून निघालें म्हणजे तो एकंदरींत उतरत जातो. कृष्णा ज्या दिशेस वाहते त्या दिशेस उतार असावयाचाच! म्हणून जातांना एक पेट्रोल व येतांना दुसरें घालून तुलना करूं नये. प्रत्येक पेट्रोलनें जाणें व येणें दोन्ही करावें. तिसरें ठिकाण मनाचें. टाकींत महाग पेट्रोल आहे हें ठाऊक असलें म्हणजे माणूस नकळत गाडी जपून चालवितो, आणि मग हाताचा गुण पेट्रोलच्या नांवावर जमा होतो. शक्य असल्यास टाकी एकानें भरावी, वही त्यानेंच ठेवावी, आणि चालविणाऱ्यास कसोटी संपेपर्यंत कांहीं सांगूं नये. घरांतील विद्यार्थ्याला हें चिटणिसाचें काम उत्तम साधेल.

मग प्रीमियम कोणीं घ्यावें? ज्यांच्या गाडीच्या पुस्तिकेंत ९५ वा त्याहून वरचा अंक आवश्यक म्हणून सांगितला आहे, त्यांनीं तो अंक मिळेल असेंच पेट्रोल घालावें. तेथें काटकसर करणें म्हणजे इंजिनाशीं वैर करणें होय. जुन्या गाडीच्या सिलिंडरांत काजळी सांचून ती ठोकूं लागली असेल, तर वरच्या अंकानें आवाज थांबेल, परंतु रोग राहील; ती कारागिराकडून साफ करून घेणेंच बरें. घाटांत मात्र एक विचार लक्षांत ठेवावा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सुमारें १५ टक्के कमी असतो, म्हणून सिलिंडरांत हवाहि कमी भरते आणि नॉकिंगची प्रवृत्ति घटते. तेव्हां उंच ठिकाणीं वरच्या अंकाचें पेट्रोल लागतें ही समजूत उलटी आहे. चढावर वरच्या गिअरांत गाडी ओढीत नेली तर ती ठोकते. त्याला उपाय गिअर खालीं घेणें हा होय, आणि त्याला पैसे पडत नाहींत.

पैसे न पडणारे असे उपाय आणखीहि आहेत. दुचाकी व मोटारगाडी ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर वेगानें चालवावी, टायरांतील हवा योग्य ठेवावी, हवेची जाळी स्वच्छ असावी, आणि रेल्वेच्या फाटकाशीं थांबावें लागल्यास इंजिन बंद करावें, असें इंधन वांचविण्याचें शिक्षण देणारे तज्ज्ञ सांगतात. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलांपैकीं ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येतें. तेव्हां अशा रीतीनें वांचलेला प्रत्येक लिटर घराच्या वहींत जसा जमा होतो, तसाच देशाच्या वहींतहि.

विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरणें सोडवावीं; भाव वर धरिलेलेच घ्यावे.

१. एक स्कूटर साध्या पेट्रोलावर लिटरला ४५ किलोमीटर जाते. प्रीमियमवर ती किती किलोमीटर गेली असतां दोहोंचा खर्च सारखा होईल?
उत्तर: सुमारें ४८.४.

२. तीच स्कूटर १३.६ लिटर साध्यावर ६१२ किलोमीटर व तितक्याच प्रीमियमवर ६२४ किलोमीटर गेली. दर किलोमीटरचा खर्च काढा.
उत्तर: साध्याचा सुमारें २ रुपये ३३ पैसे, प्रीमियमचा सुमारें २ रुपये ४६ पैसे.

३. टाकी भरण्यांत १०० मिलिलिटरची चूक होते. ती एक टक्क्यावर येण्यास निदान किती लिटरांची कसोटी घ्यावी?
उत्तर: १० लिटर.

दुसऱ्या उदाहरणांतील स्कूटर प्रीमियमवर बारा किलोमीटर अधिक गेली, तरीहि ती महाग पडली. पंपावर दिसतात ते हे बारा किलोमीटर. वहींत दिसतात ते तेरा पैसे. पंपावर ऐकूं येणाऱ्या बहुतेक वादांचा उलगडा ह्या दोन आंकड्यांत आहे.